वाकायला मनाई

माझ्या कमरेच्या मणक्यात चीर पडली तेव्हा मी थायलंडमधल्या एका आडगावात दुसऱ्या फेरीची मॅच खेळत होते आणि चक्क पुढे होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे असण्याचे प्रसंग माझ्या कारकिर्दीत फारसे आलेले नाहीत. व्यावसायिक टेनिसपटू म्हटलं की लोकांना हिरवळ, पांढरे कपडे आणि टाळ्या दिसतात. आमच्या खालच्या पायरीवर प्रेक्षक म्हणजे समोरच्या मुलीची आई आणि सावलीला झोपलेलं एक कुत्रं. सर्व्हिससाठी मी मागे वाकले, वळले आणि कमरेत काहीतरी कचकन तुटल्यासारखं झालं. कुत्र्यानं तेवढं मान वर करून पाहिलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी स्कॅन उजेडात धरला. "तीन महिने पुढे वाकायचं नाही, मागे वाकायचं नाही, कमरेतून वळायचं नाही. हाड जुळलं तर खेळाल. नाही जुळलं तर..." त्यांनी स्कॅन पाकिटात घातला. "लहान मुलांना शिकवता येईल की."

त्या 'की'चा मला अजून राग येतो.

आमच्यात जखमी खेळाडूचं जुनं रँकिंग काही काळ राखून ठेवतात. त्या मुदतीत बरं होऊन परतलं तर निघालो होतो त्याच जागी उभं राहता येतं. मुदत हुकली की रांगेच्या शेपटाला, जिथे सगळ्या नुकत्याच शाळेतून सुटलेल्या मुली उभ्या असतात. तिथून पुन्हा सुरुवात करण्याचं माझं वय राहिलं नव्हतं. म्हणजे हिशेब सरळ होता. मुदतीच्या आत हाड जुळलं तर मी खेळाडू, नाहीतर अमरावतीत कुणाची तरी टेनिस शिकवणारी ताई. मी अमरावतीला घरी आले, कमरेला कडक पट्टा बांधला आणि दिवाणावर उताणी पडले. डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. फक्त वऱ्हाडात माणसाच्या कमरेचा मुख्य उपयोग काय असतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

तो असा, की घरात मोठं माणूस आलं की वाकून पाया पडायचं.

आणि आमच्याकडे कुणी आजारी पडलं की पाहायला जातात. विचारपूस हा वेगळा भाग झाला. मुळात *पाहायला* जातात. मी स्पर्धा जिंकून आले तेव्हा शेजारच्या काकूंनी जिन्यातूनच "आली का?" विचारलं होतं. आता कंबर गेली म्हटल्यावर मोर्शीहून मामा संत्र्याची पेटी घेऊन आले, मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला गेलेली मंडळी वाट वाकडी करून आली, आणि ज्यांना मी टेनिस खेळते की टेबल टेनिस हे आजवर ठाऊक नव्हतं तेही आले. प्रत्येक जण दारातून आत येई, चपला काढी, माझ्यासमोर उभा राही आणि एक पाऊल किंचित पुढे ठेवी. ते पाऊल कशासाठी पुढे आलंय हे वऱ्हाडात जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

"कंबर कशी हाय मंग?" असं विचारताना नजर माझ्या तोंडाकडे नसे, स्वतःच्या पायाकडे असे.

मी उभी राहून हात जोडायचे. मग पाहुणा ते पाऊल मागे घ्यायचा आणि आईचा चेहरा उतरायचा.

पाठ सरळ ठेवून गुडघ्यावर बसण्याचाही प्रयोग मी करून पाहिला. पट्टा बरगड्यांत घुसला आणि मला उठवायला दोघे लागले. ज्यांच्या पाया पडले होते ते मोझरीचे काका एवढे घाबरले, की चहा न घेताच निघून गेले. फिजिओ फोनवर ओरडली, "पुन्हा असं करायचं नाही! खाली बसणं-उठणं मी सांगेन तेव्हा." ती पुण्याची, तिला वाटलं मी काहीतरी उचलायला वाकले होते. नमस्कार करत होते म्हटल्यावर ती म्हणाली, "मग नका करू." इतकं सोपं उत्तर फक्त पुण्यातच सुचतं.

यात आणखी एक घोळ होता. पट्टा कुर्त्याच्या आतून बांधायचा, असा आईचा आग्रह होता. "वरून दिसला तं लोक म्हणतीन, पोरीच्या कमरेत दोष हाय. मंग जन्मभर तेच सांगत फिरा." म्हणून पट्टा आत आणि त्यावर सैल कुर्ता. परिणाम असा, की बघणाऱ्याला दुखणं काही दिसतच नसे. दिसे ती एक धडधाकट, जरा जाड झालेली, ताठ उभी असलेली आणि कुणापुढे न वाकणारी मुलगी. माझ्या कमरेत चीर आहे ही बातमी शेजारच्या बडनेऱ्याच्या पलीकडे जायला महिना लागला. मी वाकत नाही ही बातमी पहिल्याच संध्याकाळी पार लांबच्या अंजनगावात पोचली होती.

उपाय मात्र सगळ्यांनी उदार मनाने दिले. अमरावतीत दर दुसऱ्या पुरुषाने लहानपणी मल्लखांब केलेला असतो. निदान तो तसं सांगतो, आणि त्यामुळे पाठीच्या कण्यावर बोलायचा त्याला अधिकार असतो. कुणी जवसाचं तेल सांगितलं, कुणी बिब्ब्याचा चटका. अंजनगावच्या एका पाहुण्यांनी त्यांच्याकडच्या हाड बसवणाऱ्याची इतकी तारीफ केली, की मला वाटलं तो मला पाहायला आमच्या घरीच येऊन ठेपेल. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "सूर्यनमस्कार घाल, पंधरा दिवसांत कंबर मोकळी." ती मोकळी झाली हेच तर दुखणं होतं. पण ते बोलण्याची सोय नव्हती, कारण बोलताना त्यांचंही एक पाऊल पुढे आलेलं होतं.

आणि मग अकोल्याच्या आत्याच्या नातवाचं लग्न आलं.

ही आत्या म्हणजे बाबांची सगळ्यात मोठी बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना हिनेच वाढवलं. बाबा अजूनही तिच्यासमोर खुर्चीवर टेकून बसत नाहीत. आमच्या खानदानात कुणाच्याही पाया पडायचं चुकलं तर चालतं, फक्त आत्याच्या नाही. सत्तरी ओलांडलेली, उंच, आवाज असा की अकोल्याच्या दुपारीसुद्धा माणूस झोपेतून उठून बसेल. मी वाकत नाही हे तिच्या कानावर गेलेलं होतंच. तिने फोन करून एकच वाक्य सांगितलं होतं, "लग्नाले आण तिले, मी पाह्यतो."

मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी होऊन मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला गेले. सगळा रस्ता मला फक्त गाडीचं छत दिसत होतं. आई पुढच्या सीटवरून सारखी म्हणत होती, "जराशी वाकशीन ना वं? बस, आत्यापुरती." पुढच्या आठवड्यात माझा स्कॅन होता. 

मंगल कार्यालयात शिरताच आत्या समोर उभी. जरीचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू आणि दोन्ही पावलं पुढे. मी हात जोडले. जेवणाच्या पंगतीतले दोघे-तिघे बुंदी हातात घेऊन बघायला आले.

"काहून वं," आत्या म्हणाली, "कमरीत लोखंड घातलं काय?"

तीन महिन्यांत साठलेलं सगळं माझ्या डोक्यात गेलं. "हो, घातलं!" म्हणत मी तिचा हात धरला आणि तिची बोटं माझ्या कुर्त्यावरून पट्ट्यावर आपटली. टक् टक् आवाज आला. आईने डोळे मिटून घेतले.

आत्याने हात मागे घेतला नाही. स्वतःच पुन्हा एकदा वाजवून पाहिलं. मग मागून वाजवलं. "हे असं कधीपासून हाय?" तिने बाबांना विचारलं. बाबांनी सांगितलं. हाड, चीर, मुदत, सगळं. आत्या ऐकत राहिली आणि मला वाटलं, झालं, सुटले एकदाची. ती म्हणेल, राहू दे पोरी.

आत्या म्हणाली, "खुर्ची आणा रे."

मला बसवायला असेल असं वाटलं. मांडवातली ती पांढऱ्या सॅटिनचं कव्हर घातलेली, मागे गुलाबी रिबिनीचा फुंदा बांधलेली प्लास्टिकची खुर्ची आली. आत्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, लुगडं सावरलं आणि सरळ त्या खुर्चीवर चढून उभी राहिली. "आता पड पाया. तुह्या कमरेले बी काही होत नाई, माह्या मानालेही काही होत नाई."

मी गुडघे जरासे दुमडून, पाठ ताठ ठेवून तिच्या पायाला हात लावला. सगळं कार्यालय हसलं, मीही हसले. आत्याने वरून आशीर्वाद दिला. इथवर सगळं इतकं छान झालं होतं, की ही बाई आमच्या डॉक्टरांपेक्षा हुशार आहे असं मला मनापासून वाटून गेलं.

पण वऱ्हाडातल्या लग्नात एकाला खुर्ची दिली आणि दुसऱ्याला नाही, असं चालत नाही. जो मघापर्यंत पाया पडून घेण्याचा साधा विधी होता, तो आता खुर्चीवरून पाया पडून घेण्याचा मान झाला. आत्याचे दीर खुर्चीवर चढले. त्यांच्या मागे थोरल्या जाऊबाई. नवरीकडच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली, की वरपक्षाच्या म्हाताऱ्यांना खुर्ची आणि आमची आजी जमिनीवर? मग नवरीच्या आजीला थेट स्टेजवर, नवरा-नवरीच्या सिंहासनाच्या पायरीवर उभं केलं आणि मला तिकडे नेलं. मी एकेका चढलेल्या माणसाच्या पायाला हात लावत फिरत होते. यातल्या निम्म्यांना मी ओळखत नव्हते. त्यांनीही मला ओळखायची गरज नव्हती. मी कंबर दुखणारी मुलगी होते आणि खुर्ची रिकामी होती. नवरा-नवरी अर्धा तास कुणी भेटायला येईना म्हणून नुसते बसून होते.

तेवढ्यात फोटोवाला धावत आला. त्याने नवरीच्या आजीचे फोटो झकास काढले होते. आत्याचा मात्र हुकला होता, कारण तेव्हा तो जेवत होता.

"आत्याजी, एकदा परत चढा नं," तो म्हणाला. मग कॅमेऱ्यातून बघून म्हणाला, "पाय फ्रेममधी येऊन नाई राहिले. जराशी उंची पायजे."

नवरीची आजी सिंहासनाच्या पायरीवर उभी होती. आत्या एका साध्या खुर्चीवर कशी मावेल? "दुसरी खुर्ची ठेवा वर," ती म्हणाली. एकात एक अशा दोन खुर्च्या रचल्या, दोन्हींवर सॅटिन. बाबा "बाई, नको," म्हणाले. ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तिला म्हटलं असावं. ती चढली. मी हात पुढे केला. फोटोवाला म्हणाला, "इकडं पाहा." आत्याने इकडे पाहिलं आणि सॅटिन सरकलं.

मी विचार केला असता तर मागे सरकले असते. पण खेळाडूचा विचार पायांच्या मागून येतो. ती डावीकडे कलली तशी मी डावीकडे झेपावले, खाली, कमरेतून वळून, जमिनीलगतचा बॉल उचलतात तशी, आणि तिला छातीवर घेऊन गालिच्यावर पडले. माझ्या आयुष्यात इतकी चांगली लो व्हॉली मी कुठल्याही कोर्टावर मारलेली नाही.

आत्याला खरचटलंही नाही. ती माझ्यावरच पडून होती. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि दम लागलेल्या आवाजात म्हणाली, "वाकली ना शेवटी!"

सगळे पुन्हा हसले. मी हसले नाही, कारण कमरेत थायलंडमधला तो ओळखीचा कचकन आवाज पुन्हा झाला होता.

पुढच्या आठवड्यातल्या स्कॅनमध्ये चीर जिथल्या तिथे होती, उलट जराशी रुंद. पडण्यामुळे झालं की मुळातच जुळत नव्हतं, ते सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुदतीत जेमतेम बसेल, तेही या खेपेला जुळलं तर. मुलांना शिकवण्याबद्दल त्यांनी आणखी एकदा सुचवलं. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. तेही नीट रडता आलं नाही, कारण कुशीवर वळायची मनाई होती आणि बाबांना मला लाकडाच्या ओंडक्यासारखं अख्खं फिरवावं लागलं.

चार-पाच दिवसांनी आत्या गाठोडं घेऊन आमच्या दारात उतरली. "हवापालट," ती म्हणाली. अकोल्याहून अमरावतीला हवापालटाला येणारं ते पहिलंच माणूस असावं. माझ्याबद्दल एक शब्द बोलली नाही, माफी वगैरे तर तिच्या बोलीतच नाही. मीही तिच्याशी बोलायचं बंद केलं. मला तिचा भयंकर राग आला होता. तिच्या पायांचा, तिच्या मानाचा, तिच्या फोटोचा. आई म्हणायची, "मोठी हाय थे, बोल एक शब्द." मी छताकडे बघत राहायचे.

आत्याने दारातली खुर्ची पटकावली. आता पाहायला येणाऱ्यांना आधी तिला ओलांडावं लागे.

"काय पाह्यता? हाड दिसते काय वरून?" ती विचारायची. "पाया पडून घ्याची हौस असंन तं घरच्या सुनांकडून घ्या. इथं बंद हाय." ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांकडून नमस्कार वसूल केले, तीच आता नाक्यावर बसून दुसऱ्यांचे अडवत होती. सूर्यनमस्कारवाले मास्तर दुसऱ्यांदा आले तर तिने त्यांनाच खाली अंगणात घालून दाखवायला सांगितले. ते पुन्हा आले नाहीत. संत्री मात्र ती ठेवून घ्यायची.

फिजिओने सकाळी चालायला सांगितलं होतं, चपला नाही, नीट बांधलेले बूट घालून. बूट आई बांधायची. आई शाळेत शिकवते. एकदा तिची शाळा सकाळची झाली आणि ती घाईत निघून गेली. बाबा दूध आणायला गेले होते. मी दिवाणाच्या कडेला ताठ बसून होते, पायात बूट, नाड्या सुटलेल्या, आणि माझे हात गुडघ्यापर्यंतच पोचत होते. मला स्वतःची इतकी कीव कधी आली नव्हती. 

आत्या दारातल्या खुर्चीवरून बघत होती. ती उठली. भिंतीला धरून, गुडघे कडाकडा वाजवत, माझ्या पायांशी जमिनीवर बसली आणि माझा बूट मांडीवर ओढून घेतला.

मी पाय मागे घेतला. "आत्या, नका ना! पायाले हात नका लावू. मले पाप लागीन." आठवडेच्या आठवडे धरलेल्या अबोल्यानंतरचे ते माझे पहिले शब्द.

"लागू दे," ती नाडी ओढत म्हणाली. "पाप लागलं तं कंबर नाई मोडत. आता हलू नको."

गाठोड्याला मारतात तशी तिने दुहेरी, घट्ट गाठ मारली. मग दुसऱ्या बुटाला. मला वरून फक्त तिचा पांढरा भांग आणि वाकलेली पाठ दिसत होती. माझा राग तिथेच संपला. मला तो धरून ठेवायचा होता, पण संपला. बाबा दुधाची पिशवी घेऊन आत आले आणि दारातच थबकले. त्यांनी आपल्या बहिणीला कुणाच्या पायाशी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिले.

त्यानंतर रोज बूट तीच बांधायची. आईला बांधू द्यायची नाही. "तुह्या गाठी सुटतात," म्हणायची. आम्ही दोघी मग गल्लीच्या टोकापर्यंत चालायचो, मी ताठ आणि ती वाकलेली. कुणी समोरून आलं आणि त्याचं पाऊल पुढे सरकायला लागलं, की आत्या नुसती त्या पावलाकडे बघायची.

पुढचा स्कॅन चांगला आला. हाड जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, "छान काळजी घेतलीत," आणि मुलांना शिकवण्याचा विषय त्यांनी काढला नाही. हळूहळू कोर्टावर गेले, हळूहळू सर्व्हिस आली, पहिल्यासारखी नाही, पण आली. मुदत संपायच्या आत मी थायलंडमधल्याच एका स्पर्धेत नाव दिलं. 

हाड जुळल्यावर घरी परतलेली आत्या निघायच्या दिवशी मुद्दाम अकोल्याहून आली होती. दिवाणावर बसली होती. नागपूरच्या विमानतळावर जायची गाडी खाली उभी, आई हातात दही-साखर घेऊन उभी. मी आत्यासमोर गेले आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा, कमरेतून, पूर्ण खाली वाकले. कुठेही काही वाजलं नाही. 

माझे हात जमिनीपर्यंत गेले आणि जमिनीलाच लागले. आत्याने दोन्ही पाय वर ओढून लुगड्यात गुंडाळून घेतले होते.

"कायले कंबर खर्च करून राहिली इथं?" ती वरून म्हणाली. "जा. तिकडं बॉलसाठी वाक."

पहिल्याच फेरीत मी हरले. पण शेवटपर्यंत वाकले. आत्या अजूनही सगळ्यांकडून नमस्कार घेते, एकालाही सोडत नाही. मी समोर आले की मात्र तिचे पाय लुगड्यात जातात.